फोटोच्या प्रती ऑनलाइन विकायच्या, पण कुणाच्या दुकानातून?

तलासरी, कासा, डहाणू, घोलवड या पट्ट्यात लग्नाचा हंगाम सुरू झाला की कितीतरी होतकरू तरुण गळ्यात कॅमेरा अडकवून फिरताना दिसतात. कुणी बारावी झालेला, कुणी आयटीआय केलेला, कुणी उंबरगाव किंवा बोईसरच्या कारखान्यात कंत्राटावर राबून सुटीच्या दिवशी फोटो काढणारा. कॅमेरा बहुधा हप्त्याने घेतलेला असतो. साखरपुडा, हळद, मंगल परिणय, बारसे, शाळेचे स्नेहसंमेलन, सेवानिवृत्तीचा सत्कार, मिळेल ते काम ही मुले करतात. अल्बमचे पैसे यजमान देतो आणि काम संपले असे वाटते. पण खरे काम पुढेच असते. नवरीची मावशी विरारला, नवऱ्याचा मित्र वापीला, काका मुंबईला. प्रत्येकाला आपापला फोटो हवा असतो आणि तोही कागदावर छापलेला, भिंतीवर लावण्याजोगा.

मग मोबाईलवर निरोप सुरू होतात. ‘तो दुसऱ्या रांगेतला, मी निळ्या साडीत आहे तो.’ ‘आईबरोबरचा मोठा करून पाठव.’ कुणी पैसे आधी देतो, कुणी नंतर देतो, कुणी देतच नाही. कुणाचा फोटो कुणाला जातो. शेवटी मुलगा वैतागतो आणि सगळे फोटो एकदम फुकट पाठवून मोकळा होतो. ज्या जादा प्रतींवर त्याच्या कॅमेऱ्याचा एखादा हप्ता निघाला असता, ती कमाई अशी वाऱ्यावर जाते.

म्हणूनच अलीकडे ही मुले विचारू लागली आहेत की फोटो ऑनलाइन ठेवून त्याच्या छापील प्रती विकण्याची सोय देणाऱ्या सेवा आहेत, त्यांतली कोणती घ्यावी? प्रश्न योग्य आहे. पण उत्तर जाहिरात पाहून मिळत नाही. माझा पेशा कारकुनाचा आणि शिक्षण बी. कॉम.चे. तेव्हा उत्तर वहीच्या वाटेने शोधू या.

जुनीच पद्धत, नवे दुकान

प्रथम हे ध्यानात घ्यावे की ही कल्पना काही आकाशातून पडलेली नाही. आपल्या आईवडिलांनी स्टुडिओत फोटो काढला तेव्हा पाकिटावर निगेटिव्हचा नंबर लिहून मिळत असे. तो नंबर सांगितला की दोन वर्षांनीही जादा कॉपी मिळायची. लाला दीनदयाळ या नामांकित छायाचित्रकाराने १८९६ साली मुंबईत स्टुडिओ काढला, त्यांच्या काचेच्या निगेटिव्हवरही क्रमांक घातलेले असत. फोटो काढणाऱ्याकडे मूळ, गिऱ्हाइकाकडे नंबर आणि दोघांच्या मध्ये एक वही, एवढ्यावर हा धंदा शंभर वर्षे चालला.

ऑनलाइन सेवा ही तीच वही आहे. फोटोग्राफर एका समारंभाचे फोटो तिथे चढवतो आणि पाहुण्यांना एक दुवा व एक गुप्त शब्द देतो. पाहुणा आपल्या मोबाईलवर फोटो पाहतो, हवा तो निवडतो, आकार निवडतो आणि पैसे भरतो. मग एकतर सेवा परस्पर आपल्या लॅबमधून छापून घरपोच पाठवते, किंवा ऑर्डर फोटोग्राफरकडे येते आणि तो आपल्या ओळखीच्या लॅबमधून छापून पाठवतो.

अशी दुकाने ढोबळमानाने चार प्रकारची आहेत. पहिला प्रकार खास फोटोग्राफरांसाठीच्या परदेशी सेवांचा, जसे पिक्सीसेट, स्मगमग, शूटप्रूफ, पिक-टाइम. दुसरा कोणताही माल विकता येईल अशा सर्वसाधारण ऑनलाइन दुकानाचा, जसे शॉपिफाय. तिसरा मोठ्या बाजाराचा, जिथे हजारो लोकांच्या चित्रांत आपलेही एक चित्र ठेवायचे, जसे फाइन आर्ट अमेरिका. चौथा प्रकार घरगुती. मोबाईलवर फोटोंची नंबरवार यादी, यूपीआयने पैसे, जवळची लॅब आणि पोस्टाचे पाकीट.

पैसे आत येतील का?

सेवा दिसायला सुंदर असते. पण पहिला प्रश्न सौंदर्याचा नाही. आपले गिऱ्हाईक तिथे पैसे भरू शकेल का, हा पहिला प्रश्न आहे.

आपले गिऱ्हाईक म्हणजे कंपनीतला हेल्पर, अंगणवाडी सेविका, रिक्षावाला, शिक्षक. ते पैसे देतात ते यूपीआयने. परदेशी सेवा मात्र बहुधा पेपाल किंवा स्ट्राईप यांच्यामार्फत पैसे घेतात. पेपालने भारतातल्या भारतातील व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले. म्हणजे विरारच्या मावशीने तलासरीच्या भाच्याला पेपालने पैसे द्यायचे म्हटले तरी ते जमत नाही. स्ट्राईपने २०२४ साली भारतातील नवी खाती फक्त निमंत्रणावर देण्याचे धोरण घेतले. तेव्हा सेवा कितीही नावाजलेली असो, तिच्या गल्ल्यात आपल्या मावशीचे दोनशे रुपये पडत नसतील तर ती आपल्या उपयोगाची नाही. ती फोटो दाखवण्यापुरती वापरता येईल. पैसे मात्र बाहेरून, यूपीआयने घ्यावे लागतील.

दुसरी अडचण वर्गणीची. परदेशी सेवांची वर्गणी डॉलरमध्ये असते आणि रुपया घसरला की आपोआप वाढते. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी ग्राहकाची आधी रीतसर मंजुरी लागते आणि कापण्याच्या २४ तास अगोदर सूचना यावी लागते. नियम आपल्याच संरक्षणाचा आहे, चांगला आहे. पण त्या मंजुरीची सोय नसली तर वर्गणी अडकते, आणि वर्गणी अडकली की दुकानाचे शटर खाली. ऐन मे महिन्यात असे झाले तर गिऱ्हाइकाला कारण सांगत बसावे लागते.

लॅब कुठे आहे, हेही विचारावे. सेवेची परस्पर छपाई करणारी लॅब परदेशात असेल आणि फोटो तिथून यायचा असेल, तर टपालखर्च फोटोपेक्षा मोठा होईल. आपल्याच लॅबमधून छापून पाठवण्याची मुभा आहे की नाही, हे आधी पाहावे. ती नसेल तर पुढचे पान उलटूच नये.

एका प्रतीचा हिशोब

आता वही उघडू या. खालचे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या लॅबचे आणि आपल्या पोस्टाचे आकडे घालावेत. रीत तीच राहील.

समजा ८ बाय १२ इंचांची एक प्रत २५० रुपयांना विकली. लॅबचे ६० रुपये, पुठ्ठा व पाकीट १५ रुपये, टपाल ५० रुपये. एकूण खर्च १२५. घरगुती पद्धतीने यूपीआयवर थेट पैसे घेतले तर हातात १२५ रुपये राहतात, कारण बँक खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही.

तीच प्रत ऑनलाइन दुकानातून विकली तर पैसे गोळा करून देणारी कंपनी आपला हिस्सा घेते. तो शेकडा २ धरला तर ५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९० पैसे, एकूण ५ रुपये ९० पैसे. हातात राहिले ११९ रुपये १० पैसे. वर महिन्याची वर्गणी आहेच, ती हजार रुपये धरू.

आता तिसरी तऱ्हा. काही सेवा वर्गणी घेत नाहीत, पण विक्रीवर दलाली घेतात. ती शेकडा १५ धरली तर अडीचशेतून ३७ रुपये ५० पैसे गेले. हातात उरले ८१ रुपये ६० पैसे.

वर्गणी बरी की दलाली बरी? हजाराला साडेसदतीसने भागा. उत्तर येते २६ आणि वर थोडे. म्हणजे महिन्याला २७ किंवा त्याहून जास्त प्रती खपत असतील तर वर्गणी परवडते, त्याखाली दलाली परवडते. पण इथेच आपली मुले फसतात, कारण ती मे महिन्याचा खप डोळ्यांसमोर ठेवून हिशोब करतात. आपल्याकडे मृग लागला की मांडव उतरतात. जून ते सप्टेंबर कॅमेरा पिशवीत असतो, वर्गणी मात्र पावसाळ्यातही चालूच राहते. म्हणून हिशोब महिन्याचा न करता वर्षाचा करावा. वर्षाची वर्गणी १२ हजार, भागिले साडेसदतीस, म्हणजे ३२० प्रती. वर्षभरात ३२० जादा प्रती खपण्याची खात्री आहे का? असेल तर खुशाल वर्गणी भरावी.

कुणी म्हणेल, घरगुती पद्धतीत सगळ्यात जास्त पैसे राहतात, मग ऑनलाइन सेवा घ्यायचीच कशाला? याचेही उत्तर वहीतच आहे. घरगुती पद्धतीत निरोप वाचणे, फोटो शोधणे, पैसे आले का पाहणे, पत्ता मागणे यात एका ऑर्डरला अर्धा तास जातो असे धरा. महिन्याला ४० ऑर्डरी असतील तर २० तास गेले. सेवा हे तास वाचवते आणि त्याबद्दल हजार रुपये वर्गणी अधिक ४० प्रतींवरचे २३६ रुपये, असे १,२३६ रुपये घेते. एका तासाला साधारण ६२ रुपये पडले. हे परवडते, कारण तेवढ्या वेळात दुसरे काम मिळते. पण महिन्याला ८ च ऑर्डरी असतील तर वाचले ४ तास आणि गेले १,०४७ रुपये, म्हणजे तासाला २६२ रुपये. एवढी मजुरी आपल्याला कोण देतो, की आपण दुसऱ्याला द्यावी?

खराब होणाऱ्या प्रतीही हिशोबात धराव्या लागतात. पुठ्ठा वाकतो, पावसात पाकीट भिजते, रंग गिऱ्हाइकाला पसंत पडत नाही. वीस प्रतींमागे एक परत छापावी लागेल असे धरून भाव लावावा. भाव लावताना शेजारच्याचा भाव पाहून पाच रुपये कमी करण्याची आपल्याकडे खोड आहे, तिने दोघेही बुडतात.

फोटो कुणाचा?

हा भाग फोटोग्राफरांनी आणि घरोघरच्या मंडळींनी, दोघांनीही नीट वाचावा.

बहुतेक फोटोग्राफरांना वाटते, ‘मी काढला तो माझा.’ कायदा तसे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला हक्कदार तो काढून घेणारा असतो, वेगळा करार केलेला नसेल तर. म्हणजे लग्नाचे पैसे ज्या घराने दिले, त्या घराचा हक्क. ‘फोटो मी काढला’ हे सांगण्याचा आणि श्रेय मागण्याचा अधिकार छायाचित्रकाराकडे राहतो. पण त्या फोटोच्या प्रती पाहुण्यांना विकायच्या तर यजमानाची संमती हवी. ती तोंडी घेऊ नये. आगाऊ रक्कम घेताना पावतीवरच दोन ओळी लिहाव्यात की फोटो गुप्त शब्दाने बंद केलेल्या पानावर ठेवले जातील, नातेवाइकांना अमुक दराने प्रती विकल्या जातील, यास आमची संमती आहे. खाली सही घ्यावी. त्याने भांडणे टळतात.

गुप्त शब्दाची सोय नसलेली सेवा तर अजिबात घेऊ नये. हळदीतल्या मुलींचे, लहान लेकरांचे फोटो कुणीही उघडावेत आणि उचलून न्यावेत असे उघड्यावर ठेवणे हे विश्वासाला धरून नाही. अशा एका फोटोचा गैरवापर झाला तर त्याचा त्रास त्या मुलीला होतो आणि बोल तिलाच लावले जातात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आहे आणि माणसाचा ओळखू येणारा फोटो हीदेखील त्याची वैयक्तिक माहितीच आहे. पण कायदा नसता तरी आपण हे पाळले असते, कारण ज्या घराने आपल्याला आतल्या खोलीपर्यंत कॅमेरा नेऊ दिला, त्या घराची अब्रू आपल्या हातात असते.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट. शहरातली मंडळी घर सजवायला वारली चित्रांचे, तारपा नाचाचे फोटो विकत घेतात. मोठ्या बाजारवजा संकेतस्थळांवर अशा प्रतींना मागणी असते, म्हणून आपल्या मुलांचेही तिकडे लक्ष जाते. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना या कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. ज्या कलेने या तालुक्याचे नाव जगात नेले, त्या कलेतले कुणाचे तरी चित्र कॅमेऱ्यात टिपून त्याच्या प्रती आपल्या नावावर विकणे म्हणजे दुसऱ्याच्या कष्टावर आपला शिक्का मारणे. चित्र काढणाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी आणि विक्रीतला वाटा ठरवून द्यावा. नाचणाऱ्या माणसांचा फोटो विकायचा तर त्यांनाही विचारावे. गरिबाचा चेहरा फुकट असतो असे समजणारे पुष्कळ आहेत. आपण तरी त्यात भर घालू नये.

नावाचाही प्रश्न आहे. आपल्याच रेल्वेमार्गावर पुढे गुजरातेत नवसारी आहे. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली तिथला. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची नोंद आहे आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांचे सुरुवातीचे फोटो मात्र पतीच्या नावाने छापून येत. बाईचे काम आणि नाव दुसऱ्याचे! आज सेवा निवडताना पाहावे की गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या पानावर आणि पाकिटावर नाव कुणाचे आहे, आपल्या स्टुडिओचे की त्या कंपनीचे? गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर आपल्याला यादी करून बाहेर काढता येतात का? येत नसतील तर आज ना उद्या ते गिऱ्हाईक आपले राहणार नाही.

दुकान बंद झाले तर?

ऑनलाइन म्हणजे कायमचे, असा आपला समज झाला आहे. तो खरा नाही. १९९९ साली अमेरिकेत ऑफोटो नावाची सेवा सुरू झाली. फोटो चढवा आणि छापील प्रती मागवा, हेच तिचे काम. २००१ मध्ये ती कोडकने घेतली. कोडकसारखे नाव! पण जानेवारी २०१२ मध्ये कोडकनेच दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी २ जुलैला ती सेवा बंद झाली. फ्लिकर ही फोटोंची प्रसिद्ध सेवा २०१८ साली स्मगमगने विकत घेतली आणि त्याच वर्षी फुकट खात्याला एक हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली. गुगल फोटोजवर अमर्याद फुकट साठवण होती, ती सवलत १ जून २०२१ पासून संपली. यात कुणाला दोष देण्याचे कारण नाही. त्यांचे दुकान, त्यांचे नियम. आपण आपले मूळ मात्र त्यांच्या भरवशावर ठेवू नये.

म्हणून मूळ फोटो दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावेत आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी असावी. पावसात घर गळते, चोरी होते, लहान मूल डिस्क खाली पाडते. दोन्ही एकाच कपाटात असतील तर दोन असून उपयोग काय? आणि मूळ फोटो किती वर्षे सांभाळणार ते पावतीवर लिहावे. पाच वर्षे लिहिले तर पाच वर्षे सांभाळावे. त्यानंतर काढून टाकण्यापूर्वी घराला कळवावे.

छपाईची जुजबी माहिती

कागदावर स्वच्छ फोटो यायचा तर इंचाला ३०० ठिपके लागतात असा लॅबवाल्यांचा हिशोब असतो. ४ बाय ६ ला १२०० गुणिले १८००, ८ बाय १२ ला २४०० गुणिले ३६००, १२ बाय १८ ला ३६०० गुणिले ५४००. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो, त्यावरून मोठी प्रत काढली की चेहरा पिठासारखा दिसतो. लॅबला फोटो पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मोबाईलचा फोटो बहुधा ४ ला ३ या प्रमाणात असतो, तर ४ बाय ६ चा कागद ३ ला २ या प्रमाणात. त्यामुळे कडा कापल्या जातात आणि शेवटच्या रांगेतल्या मामांचे डोके जाते. जी सेवा गिऱ्हाइकाला पैसे भरण्याआधीच कापलेली चौकट दाखवते, ती चांगली. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

सीमेवरचा कर

तलासरी हा महाराष्ट्राच्या टोकाचा तालुका. अच्छाड ओलांडले की गुजरात. आपल्याला ते शेजारचे गाव वाटते, कर खात्याला ते दुसरे राज्य वाटते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही, सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाखांची आहे. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला तर उलाढाल लहान असली तरी नोंदणी लागते. दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारातून माल विकणाऱ्या लहान दुकानदाराला १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवाय विक्रीची सवलत मिळाली, तीही राज्याच्या आतल्या विक्रीपुरती आणि आधी जीएसटीच्या संकेतस्थळावर नाव घालून क्रमांक घेतल्यावरच. आपले काम सेवा ठरते की माल, यावर पुष्कळ अवलंबून असते. तेव्हा वापी-उंबरगावला नियमित पाकिटे पाठवण्याआधी एकदा कर सल्लागाराला शे-दोनशे रुपये देऊन विचारावे. दंडापेक्षा ते स्वस्त.

मग घ्यावे काय?

माझा सल्ला असा. ज्याने नुकतीच सुरुवात केली आहे, त्याने पहिले वर्ष घरगुती पद्धतीने काढावे, पण शिस्तीने. प्रत्येक समारंभाला क्रमांक, प्रत्येक फोटोला क्रमांक. पाहुण्याने ‘निळ्या साडीतला’ न म्हणता ‘१२ पैकी १०४’ म्हणावे. दर ठरलेला, पैसे आधी, पाठवण्याचा वार ठरलेला. वहीत चार रकाने, नाव, क्रमांक, आकार, पैसे. बारा महिन्यांनी प्रती मोजाव्यात. आपल्या आकड्यांनी काढलेली मर्यादा ओलांडली असेल तर वर्गणीची सेवा घ्यावी. त्याच्या आत असाल आणि निरोपांनी जीव मेटाकुटीला येत असेल तर दलालीची घ्यावी. घेण्यापूर्वी स्वतःच्या पैशाने एक प्रत मुंबईच्या एखाद्या नातेवाइकाला मागवायला सांगावी. पैसे किती दिवसांनी खात्यात आले, पाकीट कसे पोहोचले, रंग कसा उतरला, हे त्या एका प्रतीत कळते. जाहिरातीत ते कधीच कळत नाही.

आणखी एक. पाच-सहा फोटोग्राफरांनी एकत्र येऊन एकाच लॅबला एकाच दिवशी काम दिले तर लॅब दर कमी करते. एकमेकांचे भाव पाडण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. लॅबच्या दरात दहा रुपये कमी झाले तर वर्षाच्या ३२० प्रतींवर ३,२०० रुपये वाचतात, कॅमेऱ्याच्या हप्त्याला तेवढाच हातभार.

घरच्या मंडळींसाठी

शेवटी फोटो काढून घेणाऱ्यांना, विशेषतः आमच्या माताभगिनींना चार प्रश्न सांगतो. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ते जरूर विचारा. जादा प्रतीचा दर काय? फोटो कुठे ठेवणार आणि ते कोण पाहू शकेल? मूळ किती वर्षे सांभाळणार? आम्हाला मूळ फोटोंची एक प्रत पेनड्राइव्हवर मिळेल का? उत्तरे पावतीवर लिहून घ्या. आणि पाहुण्यांनी प्रत मागितली तर ‘घरचाच मुलगा आहे, फुकट देईल’ असे म्हणू नका. घरचाच आहे म्हणून तर त्याची मजुरी बुडू नये.

आपल्या कितीतरी घरांत आजीचा एकही वेगळा फोटो नसतो. ती गेल्यावर कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधून, मांडवाच्या कोपऱ्यात पदर सावरून बसलेली आजी शोधून काढतात आणि तेवढीच मोठी करून भिंतीवर लावतात. त्या दिवशी मूळ फोटो ज्याच्याकडे जपून ठेवलेला निघतो आणि वहीत नंबर सापडतो, तो फोटोग्राफर त्या घराला जन्मभर आठवतो. सेवा कोणतीही घ्या, तो नंबर सापडला पाहिजे.